पचमढीचे शिबिर : थोडी पूर्वतयारी

येत्या डिसेंबरात इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे तीन दिवसांचे शिबिर आम्ही पचमढीस नेत आहोत. "पचमढीच का?" असे काही पालकांनी विचारले, म्हणून हे निवेदन.

आपले इंदूर ज्या काळ्या दगडावर वसले आहे, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसाल्ट. पचमढीचे डोंगर मात्र वालुकाश्माचे. सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेली वाळू थरावर थर साचत गेली, दाबाखाली घट्ट झाली आणि तिचा दगड बनला. कड्यांमध्ये तिरपे थर दिसतात. पाणी कोणत्या दिशेने वाहत होते, हे त्यांवरून ओळखता येते. सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड (सुमारे 1,350 मीटर) याच दगडाचे आहे. पुस्तकातला हा धडा मुलांनी हात लावून वाचावा, हा हेतू. श्रावणातील नागद्वारी यात्रेसाठी विदर्भातून हजारो मराठी भाविक याच डोंगरांत येतात, हेही त्यांना सांगू.

प्रवास भोपाळ-इटारसीमार्गे पिपरियापर्यंत रेल्वेने. पुढे सुमारे 50 किलोमीटर बसने.

एक चूक येथे कबूल केली पाहिजे. मागील एका सहलीत "शिखर जवळच आहे" म्हणत आम्ही चढत राहिलो आणि उतरताना अंधार पडला. पन्नास मुलांमागे टॉर्च दोनच. सर्व सुखरूप परतले, पण ते नशीब होते, नियोजन नव्हे. म्हणून यंदा पुढील नियम ठरविले आहेत :

1. दुपारी 1 वाजता, शिखर गाठले नसले तरी, सर्वांनी परत फिरायचे.
2. सर्वांत पुढे एक शिक्षक, सर्वांत मागे एक. प्रत्येक थांब्यावर मोजणी.
3. प्रत्येकाजवळ टॉर्च, दोन लिटर पाणी, गरम कपडे आणि वापरात रुळलेले बूट. नवे बूट पाय सोलतात.
4. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर व आरडाओरडा वर्ज्य.
5. तंबू फक्त परवानगी असलेल्या जागीच. दगड उचलून आणायचे नाहीत. वहीत चित्र काढावे.

दमा, फिट किंवा अन्य आजार असल्यास पालकांनी संमतिपत्रात अवश्य लिहावे. लपविल्यास मुलालाच धोका. फी भरणे कठीण असल्यास आम्हाला एकांतात भेटावे. विश्वस्तांशी आम्ही बोलू. पैशांअभावी कोणी मागे राहू नये, आणि डोंगरावर तर मुळीच नाही.