शेतावांचून आगेरा

ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मुंबईच्या उपनगरांतील जुन्या गांवठाणांतून ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज आगेरा नांवाचा सण करतो. हा समाज साष्टीचाच मूळ रहिवासी. घरची बोली मराठीच. परकें वाटणारें हें नांव त्यानें १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं घेतलें. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्यें आणावयाच्या, धर्मगुरूंनीं त्यांवर आशीर्वाद उच्चारावयाचा आणि सर्वांनीं मिळून देवाचे आभार मानावयाचे, असा हा सण आहे. नवान्न पौर्णिमा ज्यांच्या घरीं पाळली जाते, त्यांस याचें मर्म सांगावयास नको.

परंतु अंधेरीजवळच्या मरोळ-कोंडिविटे भागांत आज भाताचें शेत शोधूं जाणाऱ्यास कारखाने आणि कचेऱ्याच भेटतील. जें पिकलें त्याबद्दलची कृतज्ञता समजूं शकते. जें पिकतच नाहीं त्याबद्दल आभार कसले मानावयाचे?

या प्रश्नाचें उत्तर कांहींसें त्याच परिसरांत पडून आहे. १९७३ सालीं स्थापन झालेल्या सीप्झ या निर्यातक्षेत्राच्या आवारांत सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनीं तें १५७९ मध्यें बांधलें. १८४० मध्यें गांवांत साथ आली आणि लोकांनीं गांव सोडलें. जातांना त्यांनीं वेद्या, खांब आणि बाप्तिस्म्याचें कुंड बरोबर नेलें व मरोळला नव्यानें उपासना मांडली. मृत्यूच्या छायेंतून पळणाऱ्या माणसांनीं दगडी खांब वाहून न्यावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या ओसाड भिंतींत एरवीं सहज जातां येत नाहीं. पण मे महिन्यांत वर्षांतून एकदां तेथें सण होतो.

ख्रिस्ती उपासनेंत आभार आणि अनुकूल परिस्थिति यांची सांगड मुळींच घातलेली नाहीं. मिस्साचें प्राचीन ग्रीक नांव ‘यूखरिस्त’, म्हणजे आभारप्रदर्शन. लग्नांत आणि अंत्यविधींतही मिस्सा तीच. ज्या भोजनाची ती आठवण, तें तर येशूच्या अटकेच्या आदल्याच घटकांतलें. त्या रात्रीं भाकरी हातीं घेऊन त्यानें आभार मानले. फिलिप्पैच्या तुरुंगांत फटके खाल्लेले पौल व सीला मध्यरात्रीं स्तोत्रें गात होते. आपल्याकडेही दुष्काळांत दिवाळें निघाल्याबद्दल तुकोबांनीं देवाला धन्यवाद दिलेच आहेत.

मात्र ही स्तुति म्हणजे दुःखावर ओढलेलें हसें नव्हे. शोकाकुल घरीं जाऊन ‘आनंदी राहा’ म्हणून उपदेश करणाऱ्यांनीं स्तोत्रसंहिता एकदां चाळावी. तिच्या हिब्रू नांवाचा अर्थ ‘स्तुतिगीतें’. पण तिच्या १५० गीतांत विलापाचाच प्रकार सर्वांत मोठा आहे. गाऱ्हाणें मांडणें हेंही तेथें स्तुतींतच मोडतें. ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळांत तर कॅथलिक उपासनेंतून ‘आलेलुया’ हा हर्षाचा उद्गारच बाजूस ठेवला जातो. शोकाला तेथें स्वतःचा काळ आहे.

आगेऱ्याच्या दिवशीं लुगडें नेसलेल्या वृद्धा आणि शाळकरी मुलें एकाच मिरवणुकींत चालतात. लोंब्या आतां अन्य ठिकाणांहून आणाव्या लागतात. आशीर्वादित दाणे मग घरोघर नेले जातात. त्यांतलीं पुष्कळशीं घरें आतां इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत.