कोंबडीला कोंडवाडा नाही! परसातील कुक्कुटपालन, शेजार आणि कायदा

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालेला रस्ता अजिंठ्याचा घाट उतरला की सोयगाव तालुक्यातील फर्दापूर लागते. जगभरातील पर्यटक लेण्यांच्या वाटेवर येथे थांबतात. पर्यटन महामंडळाचे निवासस्थान, उपाहारगृहे, दुकाने यांमुळे गावाचा रस्त्याकडील चेहरा बदलला आहे. मात्र चार पावले आत गेले की गावठाणातील घरे एकमेकांना खेटून उभी दिसतात आणि अशा गावांत परसाच्या कोपऱ्यात खुराडे असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. चार-सहा गावरान कोंबड्या म्हणजे घरच्या बाईची स्वतःची मिळकत. अंडी विकून वह्या-पुस्तके येतात, पाहुणा आला तर कालवणाची सोय होते आणि अडीनडीला एखादा कोंबडा बाजार दाखवतो. पण हीच कोंबडी भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या वाळवणात शिरली की दोन घरांचे बोलणे बंद होते. मग प्रश्न येतो : वस्तीत कोंबड्या पाळता येतात काय? किती? आणि तक्रार करायची तर कोणाकडे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पाळता येतात. गावांचा कारभार ज्याने चालतो त्या १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात घरी किती कोंबड्या असाव्यात हे सांगणारे कलम नाही. पशुसंवर्धन आणि गावाची स्वच्छता हे दोन्ही विषय मात्र त्याच कायद्याने पंचायतीच्या कक्षेत ठेवले आहेत. म्हणजे कोंबड्या वाढाव्यात हेही पंचायतीने पाहायचे आणि त्यांची घाण वाढू नये हेही. शिवाय त्यातील दोन कलमे खुराड्याशी थेट संबंध ठेवतात. पक्के बांधकाम करून शेड उभारायची तर कलम ५२ प्रमाणे बांधकाम परवानगीचा प्रश्न येतो. अंगणात डालगे पालथे घालण्यास अर्थातच कोणाची परवानगी लागत नाही. तेच खुराडे बोळात किंवा सार्वजनिक जागेत सरकवले तर ते कलम ५३ खालील अतिक्रमण ठरते व पंचायत ते हटवू शकते. वस्तीतील निम्मी भांडणे याच एका मुद्द्यावर मिटण्यासारखी असतात. कारण तक्रार कोंबडीची म्हणून सुरू होते आणि मुळात ती जागेची असते.

भटक्या कोंबडीला कोंडवाड्यात घालता येईल काय, असेही काही जण रागाच्या भरात विचारतात. गुरांच्या अतिक्रमणाविषयीचा १८७१ चा कायदा या बाबतीत वाचनीय आहे. त्यातील ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत हत्ती आहे, उंट आहे, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या व त्यांची कोकरेही आहेत. कोंबडी नाही! दुसऱ्याच्या मेथीच्या वाफ्याची नासधूस करणारा उंट कायद्याने कोंडता येतो. त्याच वाफ्यात उकरणाऱ्या कोंबडीला मात्र हाकलण्यापलीकडे काही करता येत नाही.

काही जण याहून पुढे जातात आणि धान्याला औषध लावून ते टाकून देतात. हा गंभीर गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कोणाचेही जनावर मारणे, त्याला विष घालणे वा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेत यासाठी जनावराच्या किमतीचा हिशेब होता. नव्या कलमात तो उरलेला नाही. शंभर-दोनशे रुपयांची तलंग मारली म्हणून गुन्हा लहान होत नाही.

आता कोंबड्याकडे वळू. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्ले काढायला. तरीही आपल्याकडे एका घरात दोन-तीन कोंबडे सर्रास असतात. शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत अनुदानावर जो तलंगांचा गट दिला जातो त्यातही २५ माद्यांबरोबर ३ नर येतात. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाला हे ठीकच. पण गावठाणातील भिंतीला भिंत लागलेल्या घरात एकदम तीन कोंबडे आले की पहाटे काय होत असेल याची कल्पना करावी. जवळून मोजल्यास आरवण्याचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो.

खुराड्यावर गोणपाट टाकून अंधार केला तर कोंबडा गप्प बसतो, ही समजूत अर्धीच खरी. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कोंबड्याचे आरवणे बाहेरच्या उजेडावर नव्हे, तर त्याच्या शरीरातील घड्याळावर चालते. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या अंदाजाने आरवत राहिले. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात असेही दिसले की कळपातील मानाचा कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून, क्रमाने. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कोंबड्यालाही ते झाकल्याजागी कळते, एवढी भर जपान्यांनी घातली. तेव्हा उपाय दोनच : नर कमी ठेवणे आणि खुराडे शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खोलीपासून दूर नेणे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती काही काळाच्या सरासरीवर मोजतात. काही सेकंदांची बांग या सरासरीत विरून जाते, त्यामुळे या नियमांच्या आधारे कोंबड्याला दोषी ठरवणे अवघड आहे. तरी तक्रारी होतातच. मे २०१९ मध्ये पुण्याच्या सोमवार पेठेतील कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते म्हणून समर्थ पोलीस ठाण्यात तक्रार गेली होती. फ्रान्समध्ये त्याच वर्षी ‘मोरिस’ नावाच्या कोंबड्याचा खटला गाजला. न्यायालयाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ मध्ये त्या देशाने ग्रामीण भागातील आवाज व गंध यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदाच केला. न्यूयॉर्क शहराने वेगळा तोडगा काढला आहे. तेथे कोंबड्या पाळता येतात, कोंबडा नाही.

आपल्याकडील अधिक उपयोगी उदाहरण केरळचे आहे. पथनमथिट्टा जिल्ह्यातील अडूर येथे शेजाऱ्याच्या कोंबड्यामुळे पहाटे झोप लागत नाही, अशी एका वृद्धाची तक्रार २०२५ च्या फेब्रुवारीत महसूल विभागीय अधिकाऱ्यांपुढे आली. जागेची पाहणी झाली आणि घराच्या वरच्या मजल्यावरील खुराडे चौदा दिवसांत आवाराच्या दुसऱ्या बाजूस हलवावे, असा आदेश निघाला. कोंबडा कापा किंवा विका असे कोणी म्हटले नाही. जागा बदलली, एवढेच. असे शहाणपण आपल्या पंचांनाही दाखवता येईल.

कायद्याची वाट घ्यायचीच झाली तर एक भेद ध्यानात ठेवावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मधील सार्वजनिक उपद्रव म्हणजे परिसरातील लोकांना सर्वसाधारणपणे होणारा त्रास. विष्ठेचे ढीग, माशा, कुजलेली पिसे यांमुळे आळीतील लोक हैराण असतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. दंडाधिकारी आधी सशर्त आदेश काढतात आणि समोरच्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देतात. एकाच शेजाऱ्याची एकट्याची कुरकुर असेल तर मात्र ती बहुधा दिवाणी बाब ठरते. चार अंड्यांसाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढणाऱ्याला किती वर्षे लागतील, हे सांगण्याची गरज नाही.

इतके सगळे झाले तरी झोपमोड आणि वाळवण हे किरकोळ विषय आहेत. खरी चिंता रोगाची आहे आणि फर्दापूर परिसराला ती ऐकीव नाही. देशातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे फेब्रुवारी २००६ मध्ये आढळला. तो मोठ्या व्यावसायिक शेडमधला होता. पण महिना उलटण्याच्या आत, मार्चमध्ये, तो जळगाव जिल्ह्यातील मारूळ, सावदा, हातेड आणि साळवे या गावांत निघाला आणि तेथे आजारी पडल्या त्या परसातल्या कोंबड्या. फर्दापूर जळगाव जिल्ह्याच्या अगदी सीमेवर आहे. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या मेल्या व तोच रोग निष्पन्न झाला. २०२५ च्या आरंभी उरण तालुक्यातील चिरनेर गावातही तो आढळला.

याबाबतचा कायदा स्पष्ट असूनही फारसा कोणाला ठाऊक नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ यात कोंबड्याही येतात. त्याच्या कलम ४ नुसार अनुसूचित रोगाचा संशय येताच मालकाने गावातील अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचे असते आणि तेथून वर्दी पशुवैद्यकाकडे जाते. बर्ड फ्लू या अनुसूचीत आहेच, शिवाय आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखला जाणारा राणीखेत रोगही आहे. दोन्हींची लक्षणे वरवर सारखी दिसतात. एका रात्रीत अनेक पक्षी मरणे, तुरा निळा पडणे, मान वाकडी होणे, यांवरून घरच्या घरी निदान करू नये. नमुने प्रथम पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडे व पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. तिच्या अहवालानंतरच शिक्कामोर्तब होते.

लोक कळवत का नाहीत? कारण उघड आहे. रोग ठरला की एक किलोमीटर परिघातील सर्व कोंबड्या मारल्या जातात, तुमच्याही आणि निरोगी दिसणाऱ्या शेजाऱ्याच्याही. दहा किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण चालते. भरपाई मिळते. २०२१ मध्ये आठ आठवड्यांवरील अंड्यावरच्या पक्ष्याला ९० रुपये हा दर होता. गावरान कोंबडीच्या बाजारभावापुढे तो तुटपुंजाच म्हणावा लागेल. त्यात भरपाई मारलेल्या पक्ष्यांची असते, आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे जितका उशीर तितके नुकसान अधिक. हे गणित कोणी समजावून सांगत नाही. म्हणून मेलेली कोंबडी रात्री नाल्यात किंवा उकिरड्यावर जाते, तेथून कुत्र्यांच्या व कावळ्यांच्या तोंडी लागते आणि दुसऱ्या आळीत पोहोचते. ज्यांनी रोग दडवला त्यांना दोष देणे सोपे आहे. दर वास्तवाला धरून ठेवले असते आणि पैसे वेळेवर हाती पडले असते, तर दडवण्याचे कारणच उरले नसते, असे आम्हाला वाटते. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून घरी एकच पक्षी असला तरी त्याची नोंद सक्तीची आहे. आपल्याकडे निदान ग्रामपंचायतीच्या वहीत कोणत्या घरी किती पक्षी आहेत एवढे लिहून ठेवले तरी भरपाईच्या वेळी पंचनाम्याला आधार मिळेल.

मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि १९६२ या निःशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एरवीची काळजी साधी आहे. रात्रीच्या निवाऱ्याला पक्ष्यामागे एक चौरस फूट जागा द्यावी. खाली भुसा वा राख ठेवून ती कोरडी राखावी, कारण वास ओल्या विष्ठेला येतो. खुराडे विहिरीपासून व चुलीपासून लांब असावे. मानमोडीची पहिली लस सातव्या दिवशी, लासोटा नावाची, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. कुपी एकदा फोडली की ती लगेच वापरावी लागते आणि एका कुपीत कित्येक घरांच्या पिल्लांचे लसीकरण होते. त्यामुळे आळीतील पाच-सात घरांनी एकाच दिवशी पिल्ले घेऊन बसणे सोयीचे पडते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी गावोगावी ग्रामसभा भरतात. गावठाणात घरटी किती नर असावेत, खुराडे भिंतीपासून किती अंतरावर असावे आणि मेलेली कोंबडी कोणी, कोठे पुरावी, असे तीन ओळींचे ठराव त्यात घेता येतील. फर्दापूरसारख्या गावात त्यात चौथी ओळ उपाहारगृहांसाठी घालावी लागेल. रोज कापल्या जाणाऱ्या कोंबड्यांची पिसे व आतडी रस्त्याकडेला न टाकता पुरण्याची जबाबदारी त्यांची. घरच्या सहा कोंबड्यांवर नियम लावण्याआधी तेथून सुरुवात करणे न्याय्य होईल.