घराणे कशाने बनते?

आजचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. चौथ्या शतकात सर्वसेनाने स्थापिलेल्या या शाखेत पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण राजा झाला. त्याच्या काळी राज्याचा विस्तार सर्वाधिक झाला आणि त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. परंतु हरिषेणानंतर ही सत्ता फार काळ टिकली नाही. थोर राजा निपजणे आणि घराणे टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा वाशीमकरांना आपल्याच मातीत शिकावयास मिळतो.

हे स्मरण होण्याचे कारण मात्र क्रिकेटचे आहे. 2024-25 च्या हंगामात विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तेव्हापासून कचेरीतल्या मधल्या सुट्टीत आणि महाविद्यालयाच्या आवारात एक वाद रंगतो. विदर्भ हे आता क्रिकेटमधील घराणे झाले काय? आणि तीन विजेत्या संघांपैकी सर्वश्रेष्ठ कोणता? वाद रंजक आहे. परंतु त्याच्या पोटात आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

मुंबईची मोजपट्टी

भारतात या विषयाची मोजपट्टी मुंबईचीच. 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला. आक्षेपक म्हणतात, त्या काळी अन्य प्रांतांचे संघ दुबळे होते. मोठेपण मुंबईचे किती आणि प्रतिस्पर्ध्यांच्या उणेपणाचे किती? आक्षेप अगदीच निराधार नाही. पण 1970-71 चा हंगाम पाहावा. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सारे भारतीय संघातून वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले होते. उरलेल्या खेळाडूंना घेऊन सुधीर नाईक यांनी महाराष्ट्राविरुद्धचा अंतिम सामना जिंकला. पहिली फळी समुद्रापार असताना दुसऱ्या फळीने करंडक राखला, हे केवळ प्रतिस्पर्ध्यांच्या दुबळेपणाने घडत नाही. त्यामागे 1948 पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग होती. महाविद्यालयांचे आणि कचेऱ्यांचे संघ होते. आणि नेटमध्ये नवख्याला फटकारणारे ज्येष्ठ होते.

संगीतातील 'घराणे' या शब्दाचा अर्थ येथे अधिक जुळतो. राजघराणे रक्ताने चालते; गायकीचे घराणे तालमीने चालते. गुरू जातो, शिष्य गुरू होतो, गाणे राहते. खेळातील घराणे हे या दुसऱ्या जातीचे आहे.

विदर्भाचे तीन विजय

विदर्भ 1957-58 पासून रणजी स्पर्धेत खेळतो. अंतिम सामना गाठावयास त्याला तब्बल साठ वर्षे लागली. 2017-18 मध्ये उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळाला. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या रजनीश गुरबाणीने त्या डावात सात बळी घेतले आणि पुढे इंदूरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक साधली. फैज फजल कर्णधार होता, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर पहिला रणजी सामना खेळला तो थेट अंतिमच! पुढल्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला 78 धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने अकरा बळी मिळविले.

येथवर कोणी म्हणू शकत होते की, हा एका प्रशिक्षकाचा प्रताप आहे. पंडितांनी पुढे 2021-22 मध्ये मध्य प्रदेशालाही करंडक मिळवून दिला, तेव्हा या म्हणण्याला बळच आले. विदर्भाची खरी परीक्षा ते गेल्यानंतर सुरू झाली. 2023-24 च्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला 169 धावांनी हरविले. पुढल्या हंगामात विदर्भाने त्याच मुंबईला उपांत्य सामन्यात नमविले आणि केरळाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर करंडक जिंकला. कर्णधार होता अक्षय वाडकर. हर्ष दुबेने त्या हंगामात 69 बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला, यश राठोडने 960 धावा काढल्या, आणि कोवळ्या दानिश मालेवारने अंतिम सामन्यात 153 धावांची खेळी केली.

सर्वश्रेष्ठ संघ कोणता, या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. धैर्याच्या कसोटीवर 2017-18 चा संघ श्रेष्ठ. कारण त्याच्यामागे विजयाची कोणतीही स्मृती नव्हती. परंतु 'घराणे' या पदवीचा दाखला मिळतो तो 2024-25 च्या संघापासून. प्रशिक्षक बदलला, कर्णधार बदलला, अंतिम सामन्यातला पराभव पचविला आणि तरीही संघ परतला. वसीम जाफर, करुण नायर असे पाहुणे बाहेरून आले, ही गोष्ट नाकारण्याचे कारण नाही. गायकीच्या घराण्यांनीही बाहेरचे शिष्य स्वीकारले आहेत. पाहुण्याच्या शेजारी घरचा मुलगा तयार होतो की नाही, एवढेच पाहावयाचे; आणि तो होतो आहे.

विद्यार्थी जातात, संस्था राहते

अमेरिकेत या प्रश्नाची अधिक कठोर कसोटी लागते, कारण तेथे असे संघ महाविद्यालयांचे असतात आणि विद्यार्थी चारपाच वर्षांत शिकून निघून जातो. तरीही निक सेबन या प्रशिक्षकाने अलाबामा विद्यापीठाला 2009 ते 2020 या काळात अमेरिकन फुटबॉलची सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने जॉन वुडन यांच्या हाताखाली 1964 ते 1975 या बारा हंगामांत बास्केटबॉलची दहा विजेतेपदे जिंकली. वुडन तेथे रुजू झाले होते 1948 साली. पहिल्या विजेतेपदासाठी सोळा वर्षे गेली आणि संस्थेने तेवढी वाट पाहिली! तेथे या खेळांत अफाट पैसा आहे हे खरे. परंतु वाट पाहण्याचा गुण पैशाने विकत मिळत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्याही महाविद्यालयांतील विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातात. फरक असा की, आपल्याकडे त्यांच्याबरोबर सारेच जाते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे पत्रक आले की संघाची जुळवाजुळव सुरू होते, गणवेश येतात, एक सामना होतो, आणि संघ विसर्जित होतो. गेल्या वर्षीचा कर्णधार यंदा मैदानाकडे फिरकत नाही, कारण त्याला कोणी बोलावीत नाही. एखाद्या वर्षी गुणी मुले एकत्र आली तर ढाल मिळते, आणि ती प्राचार्यांच्या दालनात धूळ खात राहते.

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे उदाहरण आपल्याच विभागातले. 1914 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे पथक 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. शंभरहून अधिक वर्षे पिढीमागून पिढी तेथे तालीम चालू आहे. एका गुणवान पिढीवर हे घडत नाही.

वाशीम जिल्हा 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळा झाला. समृद्धी महामार्गाने नागपूर आता काही तासांवर आणले आहे. परंतु कारंज्याच्या किंवा रिसोडच्या मुलाने जामठ्याच्या मैदानापर्यंत पोहोचावयाचे, तर त्याची पहिली तालीम गावातच व्हावयास हवी. त्यासाठी प्रचंड क्रीडासंकुलाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयाने एकच खेळ निवडावा, मग तो कबड्डी असो, खो-खो असो की क्रिकेट. एका शिक्षकाकडे तो निदान दहा वर्षे सोपवावा, आणि दरवर्षी निकालाचा जाब विचारू नये. माजी खेळाडूंना आठवड्यातून एक संध्याकाळ मैदानावर बोलवावे. सकाळची तालीम स्पर्धा संपल्यावरही चालू ठेवावी.

यात खर्च थोडा आहे, चिकाटी मात्र पुष्कळ लागते. पहिली पाच वर्षे कदाचित एकही ढाल मिळणार नाही. त्या पाच वर्षांत शिक्षक, पालक आणि संस्थाचालक धीर धरतात की नाही, यावरच पुढचे सारे अवलंबून आहे.