हाडांच्या फटींतून दिसणारा मज्जारज्जू
कण्याच्या शस्त्रक्रियेत ध्वनितरंगांचे स्थान

पाठीच्या कण्यावरील शस्त्रक्रियेचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास हा छेद लहान होत जाण्याचा इतिहास आहे. 1934 साली अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली गादी सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्याने पायात कळा येतात हे सप्रमाण मांडले, तेव्हा ती गादी काढण्यासाठी मणक्याच्या मागच्या कमानीचा मोठा भाग उघडावा लागत असे. 1977 मध्ये युरोपात यासारगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने छोट्या छेदातून हेच काम करून दाखवले आणि 1997 मध्ये फोली व स्मिथ यांनी स्नायू न कापता, ते केवळ बाजूला सारून बसवलेल्या नळीतून दुर्बिणीने गादी काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रक्तस्राव आणि स्नायूंची हानी यामुळे कमी झाली. पण त्याच प्रमाणात शल्यचिकित्सकाच्या डोळ्यांसमोरचे क्षेत्रही आक्रसले आणि आत काय आहे हे जाणण्यासाठी त्याला यंत्राने दाखवलेल्या प्रतिमेवर विसंबावे लागू लागले.

ही प्रतिमा बहुतेक वेळा सी-आर्म या यंत्रातून मिळते. अर्धवर्तुळाकार भुजेच्या एका टोकातून क्ष-किरण निघतात आणि रुग्णाच्या शरीरातून पार होऊन दुसऱ्या टोकावर सावली उमटवतात, त्यामुळे हाडे आणि धातूचे स्क्रू स्पष्ट दिसतात. मज्जारज्जू, मज्जातंतू आणि स्नायू मात्र जवळजवळ दिसतच नाहीत. शिवाय हे किरण आयनीकारक, म्हणजे पेशींतील जनुकद्रव्याला इजा करू शकणारे असल्याने शस्त्रक्रियागृहातील सर्वांना शिशाचा अंगरखा चढवावा लागतो. डोळ्यातील भिंगाला मोतीबिंदूचा धोका असल्याने आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने 2011 मध्ये व्यावसायिकांसाठी भिंगावरील मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट इतकी खाली आणली. रुग्णाचा संबंध या किरणांशी एखाद्या दिवसापुरता येतो, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांचा मात्र वर्षानुवर्षे येतो.

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनितरंगांवर चालणाऱ्या सोनोग्राफीत हा धोका नाही. शरीरावर टेकवायच्या प्रोबमधील स्फटिक विजेच्या स्पंदांनी थरथरून तरंग सोडतो, ते मऊ ऊतींतून सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातात, निरनिराळ्या थरांवरून परततात आणि परतायला लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली मोजते. वारंवारता जास्त ठेवली तर चित्र बारीक तपशिलांचे मिळते, पण तरंग फार आत पोचत नाहीत. म्हणून कमरेच्या खोलवरच्या मणक्यांसाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब वापरतात. मोठी अडचण हाडाची आहे, कारण त्याच्या पृष्ठभागावरून बहुतांश ध्वनी परत फिरतो आणि पलीकडे केवळ काळी छाया उरते. म्हणूनच कण्याची सोनोग्राफी ही दोन मणक्यांच्या कमानींमधल्या फटींतून आत डोकावण्याची विद्या आहे.

या फटींचा पहिला उपयोग मणके मोजण्यासाठी होतो. ठरलेल्या मणक्याऐवजी शेजारच्या मणक्यापाशी शिरणे हा या शाखेतला गंभीर धोका आहे आणि बोटांनी चाचपून मणका ओळखणे किती अविश्वसनीय आहे हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासाने दाखवले. त्यात भूलतज्ज्ञांनी कमरेतील खूण केलेली फट केवळ 29 टक्के वेळा अचूक ओळखली होती. त्रिकास्थीपासून वर एकेक फट मोजत जाणारा प्रोब ही चूक कमी करतो. दुसरा उपयोग सुईला वाट दाखवण्याचा. 2004 मध्ये ऑस्ट्रियातील ग्रेहर आणि सहकाऱ्यांनी मणक्यांच्या मागच्या सांध्यांच्या मज्जातंतूंना बधिर करणारी सुई सोनोग्राफीच्या आधारे नेण्याची पद्धत मांडली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही पहिली सुई आत नेताना ध्वनिप्रतिमेचा आधार घेतला, तर क्ष-किरणांची छायाचित्रे कमी घ्यावी लागतात.

मात्र ध्वनीचे खरे सामर्थ्य हाड दूर केल्यानंतर प्रकट होते. 1982 मध्ये शिकागोचे डोहरमान आणि रुबिन यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच मज्जारज्जूची सोनोग्राफी करून त्यातील गाठी व द्रवाने भरलेल्या पोकळ्या पाहिल्याचे नोंदवले. कमान काढल्यावर जखमेत निर्जंतुक सलाईन भरतात, कारण हवेतून हे तरंग जात नाहीत, आणि निर्जंतुक आवरण घातलेला प्रोब त्या द्रवात धरतात. मग गाठीची सीमा, दाबातून सुटलेल्या मज्जारज्जूची स्पंदने आणि मागे राहिलेला गादीचा तुकडा त्या क्षणी पडद्यावर दिसतो. शस्त्रक्रियेआधी काढलेल्या एमआरआयला हे सांगता येत नाही. सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून हे करायचे, तर प्रोबही तितकाच लहान हवा.

उपकरणे लहान होण्याला लष्करी गरजेने गती दिली. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्थसाहाय्यातून सुरू झालेल्या संशोधनातून 1999 मध्ये सोनोसाइट कंपनीचे अडीच किलोंहून कमी वजनाचे यंत्र बाजारात आले. त्यानंतर स्फटिकांऐवजी सिलिकॉन चिपवर तरंग निर्माण करणारे आणि थेट मोबाइलला जोडता येणारे प्रोबही आले. शेकडो किलोंचा सी-आर्म आणि त्यासाठी लागणारी संरक्षित खोली न परवडणाऱ्या रुग्णालयाला निदान सुईने करायच्या उपचारांपुरता हा पर्याय आवाक्यातला आहे.

भारतात मात्र या सुवाह्यतेला सामाजिक संदर्भ आहे. सोनोग्राफीनेही होऊ शकणाऱ्या गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा कायदा 1994 मध्ये झाला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. 2012 च्या नियमांनी फिरत्या सोनोग्राफी यंत्राचा वापर नोंदणीकृत जागेतील दाखल रुग्णांपुरता आणि फिरत्या वैद्यकीय पथकापुरता सीमित केला. कण्यासाठी घेतलेले यंत्रही नोंदणीच्या कक्षेत येते. मुलींच्या जिवाशी निगडित असलेली ही बंधने ढिली करण्याची मागणी योग्य ठरणार नाही. नोंदणी वेळेत आणि सुस्पष्ट रीतीने व्हावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

सोनोग्राफी सी-आर्मची जागा घेणार नाही, कारण स्क्रू हाडात नेमका कुठे बसला हे ध्वनी सांगू शकत नाही. परंतु जिथे प्रश्न मज्जारज्जूचा, मज्जातंतूचा किंवा सुईच्या वाटेचा आहे, तिथे तिला डावलून किरणांची मात्रा वाढवत राहणेही समर्थनीय नाही. चित्राचा अर्थ लावणे पूर्णपणे प्रोब धरणाऱ्याच्या हातावर आणि सरावावर अवलंबून असल्याने यंत्रखरेदीइतकाच खर्च प्रशिक्षणावर व्हायला हवा, आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी अस्थिशल्य, मज्जाशल्य व भूलशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कण्याची सोनोग्राफी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून शिकवली पाहिजे.