‘माझं कॅरेक्टर असंच आहे!’

शनिवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. मित्राच्या घरचा हॉल. जमिनीवर चार्ट पेपरवर आखलेला नकाशा, वेफर्सचं रिकामं पाकीट आणि वीस बाजूंचा एक फासा. आमच्या टोळीनं एका गॉब्लिनला पकडलं होतं. त्यानं शस्त्र टाकून हात जोडले होते. आता याचं काय करायचं, अशी चर्चा सुरू होती, तेवढ्यात आमच्यातला ‘चोर’ शांतपणे म्हणाला, ‘‘मी त्याला मारतो.’’

‘‘अरे, पण का?’’

‘‘मी केऑटिक न्यूट्रल आहे. माझं कॅरेक्टर असंच वागणार!’’

मी होते पॅलडिन, म्हणजे धर्मयोद्धा, लॉफुल गुड. मग काय, मी त्याला लेक्चरच दिलं. आत काकू झोपलेल्या, त्यामुळे भांडणही कुजबुजत चाललं. पण चाललं दोन वाजेपर्यंत. पुढच्या शनिवारी तो खेळायला आलाच नाही.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं बेसमेंटमध्ये बसून खेळतात, तोच. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. प्रत्येकाकडे पात्राची माहिती लिहिलेला कागद असतो आणि त्यावर एक छोटा रकाना असतो : अलाइनमेंट. थोडक्यात, तुमचं पात्र नैतिकदृष्ट्या कुठे उभं आहे?

त्यासाठी दोन प्रश्न. एक, नियम आणि दिलेला शब्द तुम्ही किती पाळता? लॉफुल, न्यूट्रल की केऑटिक? दोन, दुसऱ्यासाठी झळ सोसता की स्वतःसाठी दुसऱ्याचा बळी देता? गुड, न्यूट्रल की इव्हिल? तीन गुणिले तीन, झाले नऊ चौकोन. सुपरमॅन लॉफुल गुड, रॉबिनहूड केऑटिक गुड, जोकर केऑटिक इव्हिल. सोशल मीडियावर फिरणारे नऊ चौकोनांचे मीम्स इथूनच आलेत. सगळ्यात भारी चौकोन लॉफुल इव्हिलचा. या खेळातले ‘डेव्हिल’ तसेच असतात. करार शब्दशः पाळतात आणि त्या करारातच तुम्हाला अडकवतात!

गंमत म्हणजे सुरुवातीला चांगलं-वाईट हा प्रश्नच वेगळा नव्हता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४मध्ये आला, तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच पक्ष होते. ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या फँटसी कादंबऱ्यांमधून आलेली. १९७६मध्ये गायगॅक्सनं एका लेखात गुड-इव्हिलचा दुसरा अक्ष जोडला आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ चौकोन पक्के झाले.

तेव्हा हा रकाना नुसता शोभेचा नव्हता. पॅलडिननं जाणूनबुजून एक जरी दुष्कृत्य केलं तरी त्याची खास शक्ती कायमची जायची. अलाइनमेंट बदललं की लेव्हल कमी व्हायची. आणि ‘हे कृत्य वाईट होतं’ हे ठरवणार कोण? डंजन मास्टर! मग वाद होणार नाहीत तर काय?

त्याहून मोठा वाद वेगळाच होता. खेळाच्या पुस्तकांत राक्षसांच्या नावापुढेही अलाइनमेंट छापलेलं असायचं. ऑर्क म्हटला की दुष्ट. मग ऑर्कचं तान्हं बाळसुद्धा दुष्टच का? जन्मावरून शिक्का मारणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. २०२०मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं जाहीरपणे कबूल केलं, की ऑर्क आणि ड्रो यांची आधीची काही चित्रणं खऱ्या जगातल्या समूहांना हिणवणाऱ्या प्रतिमांची आठवण करून देणारी होती.

नियमही बदलत गेले. २००८च्या आवृत्तीत नवाचे पाच झाले. २०१४मध्ये नऊ परत आले, पण शिक्षा गेल्या. पॅलडिनला आता अलाइनमेंट नाही, तर त्यानं घेतलेली शपथ बांधून ठेवते. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या गाजलेल्या खेळानं तर २०२३च्या सुधारित नियमांत अलाइनमेंट काढूनच टाकलं.

मग आमच्या चोराचं काय झालं? दोन आठवड्यांनी डंजन मास्टरनं त्याला बोलावून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘अलाइनमेंट सोड. तुझ्या चोराला त्या गॉब्लिनची भीती का वाटते?’’ तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘सोडला तर तो बाकीच्यांना घेऊन येईल. आणि मी सगळ्यात पुढे चालतो. पहिला मीच मरेन.’’

हे आम्ही कुणीच त्याला विचारलं नव्हतं. तो ‘केऑटिक न्यूट्रल’मागे लपला होता, हे खरं. पण मीही ‘लॉफुल गुड’चा बॅज लावून त्याचं ऐकायचं टाळलंच होतं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये ‘मी बाबा स्पष्टच बोलते’ म्हणत कुणाला तरी रडवते, तेव्हाही मी बहुतेक हेच करत असते.

गॉब्लिनला आम्ही बांधून सोबत घेतलं. मी त्याच्यावर लक्ष ठेवते आणि आता पुढे मी चालते. तो वाटाड्या म्हणून बरा निघालाय, अजून तरी पळालेला नाही. कागदावरचा तो रकाना मात्र आम्ही सगळ्यांनी खोडून पुन्हा लिहिलाय. या वेळी पेन्सिलनं.