घरबसल्या काम मिळते, पण पट्टी तपासून घ्या

तुमच्या घरातला एखादा पुतण्या, एखादी भाची आज मीरा रोड किंवा भाईंदरला राहत असेल. बोरिवली-दहिसरची खोली परवडत नाही, म्हणून गावाकडची कितीतरी माणसे दहिसरचा नाका ओलांडून तिकडे स्थिरावली. १९८५ साली तिथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. राई, मुर्धे, मोर्वा या गावांची मिठागरे आणि शेते ज्यांनी पाहिली, त्यांना आता त्या इमारतींच्या रांगेत वाट सापडायची नाही.

तर अशा घरातून फोन येतो. नेमका सोयाबीनचे पैसे हाती आले की येतो! "काका, कॉम्प्युटरवर घरबसल्या काम मिळतंय. आधी फक्त पाच हजार भरायचे आहेत." काका शेजाऱ्याला विचारतात, शेजारी मान हलवतो, आणि पैसे जातात. हा लेख त्या काकांसाठी आणि फोन शेजारी बसून ऐकणाऱ्या काकूंसाठी आहे.

आधी हे सांगतो की असली कामे मुळातच खोटी नसतात. परदेशातल्या दुकानदाराला मालाची यादी टाइप करून हवी असते, कुणाला हिशेब लिहून हवा असतो, कुणाला चित्र काढून किंवा भाषांतर करून हवे असते. तो इंटरनेटवरच्या बाजारात मागणी टाकतो आणि काम करणारे तिथे आपला भाव सांगतात. हा बाजार म्हणजे आपले मार्केट यार्डच समजा. मालक वेगळा, गिऱ्हाईक वेगळे आणि मध्ये आडत!

या आडतीतच सारी गोम आहे. फायव्हर नावाचा बाजार २०१० साली सुरू झाला. तो काम करणाऱ्याकडून शेकडा २० कापून घेतो. पाच डॉलरचे काम केले तर हाती चार. अपवर्कवर शेकडा १० जात असत. २०२५ च्या मे महिन्यापासून नव्या कामांना शून्य ते १५ यांमधला दर कामागणिक ठरतो, आणि तो काम स्वीकारण्याआधी दाखवतात. तो वाचल्याशिवाय होकार देऊ नये. फ्रीलान्सर या बाजारात ठरावीक रकमेच्या कामावर शेकडा १० किंवा पाच डॉलर, यांतले जे जास्त असेल ते कापतात. म्हणजे दहा डॉलरचे काम घेतले तर निम्मे तिथेच गेले. शिवाय ही कापणी काम स्वीकारताच होते, गिऱ्हाइकाने पैसे देवोत की न देवोत. छोट्या कामासाठी हा बाजार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यात २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, हे तुम्हाला आठवत असेल. फायव्हर-अपवर्कवर गिऱ्हाइकाकडूनही घेतात आणि काम करणाऱ्याकडूनही.

मेकॅनिकल टर्क हा अमेझॉन कंपनीचा बाजार २००५ चा. चित्रात काय दिसते ते सांगा, पावतीवरचा आकडा उतरवा, असली बारीक कामे, आणि मोबदला सेंटमध्ये. नावाची गंमत पाहा. १७७० साली युरोपात बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र दाखवत असत आणि त्याच्या पोटात खरा माणूस दडवलेला असे. आज यंत्राची बुद्धी म्हणून जे मिरवते, त्याच्या पोटातही अशीच माणसे बसलेली आहेत.

आता हिशेब मांडू. डॉलर ८५ रुपये धरा. फायव्हरवर पाच डॉलरचे काम मिळाले, हाती आले चार, म्हणजे ३४० रुपये. बँकेचा आणि डॉलर वटवण्याचा खर्च तूर्त सोडून देऊ. गिऱ्हाइकाशी बोलणे, काम करणे आणि दोनदा दुरुस्ती करून देणे यात सहा तास गेले, तर तासाला सत्तावन्न रुपयेही पडले नाहीत. तुमच्या शिवारातल्या खुरपणीच्या मजुरीशी ताडून पाहा. ज्याच्या हाती खरे कसब आहे, हिशेब असो, चित्रकला असो की चांगले इंग्रजी, त्याचा भाव वर्षा-दीड वर्षात चढतो. नुसत्या टायपिंगचा चढत नाही.

आपल्या बोलीलाही भाव येऊ शकतो. बंगळुरूची 'कार्य' ही संस्था फोनवर वाक्ये वाचून घेते आणि त्याचे पैसे देते. ज्या संशोधनातून ती उभी राहिली, त्यात मराठी वाक्ये महाराष्ट्रातल्या खेड्यातून आणि शहरातल्या गरीब वस्तीतून वाचून घेतली होती. ताशी किमान पाच डॉलर देण्याचे तिचे धोरण २०२३ साली जाहीर होते. काम रोज मिळत नाही, वाटून दिले जाते, हे खरे. पण त्या कामाला इंग्रजी लागत नाही, गावची मराठी लागते.

आता त्या पाच हजारांकडे येऊ. काम देणारा नोंदणी, अनामत किंवा प्रशिक्षण म्हणून पैसे मागत असेल, तर फोन तिथेच ठेवायला सांगा. अपवाद एकच सांगून ठेवतो, म्हणजे पोरगा तुम्हाला पेचात पकडणार नाही. अपवर्कवर बोली लावायला 'कनेक्ट' नावाची टोकने लागतात, एक १५ सेंटला. ती बाजाराची फी झाली, काम देणाऱ्याला दिलेले पैसे नव्हेत, आणि ती हजारांत जायचे कारण नाही.

फसवणुकीच्या दोन तऱ्हा फार चालतात. पहिलीत टेलिग्रामवर चित्रफिती पाहायला सांगून शे-दीडशे रुपये खरोखर देतात. मग 'मोठे काम' उघडण्यासाठी आधी भरणा मागतात आणि तो वाढवत नेतात. दुसरीत फॉर्म भरायचे काम देतात, करारावर सही घेतात आणि शेवटी चुका निघाल्या म्हणून वकिलाच्या नावाने धमकीची नोटीस पाठवून दंड मागतात. त्या नोटिशीने पुष्कळ घरांत रात्रीची झोप उडाली आहे. घाबरून पैसे भरू नका. ती नोटीस घेऊन पोलिसांत जा. बँकखाते 'वापरायला' मागतील तर तेही देऊ नका, कारण पुढे पोलीस खातेदारालाच शोधत येतात.

काम नक्की काय आहे, हेही विचारा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आम्ही करखात्याचे अधिकारी आहोत, असे सांगून लुबाडले जात होते. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना पोलिसांनी ताब्यात घेतले. तीही कुणाची तरी पुतणे-भाच्याच होती, आणि पगार वेळेवर येतो म्हणून घरचे खुशीत होते.

पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँक ते अडवू शकते. व्यवहाराचा क्रमांक आणि समोरच्याचे संदेश पुसू नका. तक्रार लिहिताना तेच लागतात.