एका बाजूची पाच गाणी

गेले तीन गुरुवार आपण बचत, कर्ज आणि व्याजाचा हिशेब यांवर बोललो. आज थोडा वेगळा विषय घेतलाय: रॉक अल्बम. हसू नका. आमच्या गटाच्या बैठकीत हे अल्बम वाजतात, आणि ते ऐकून आमची गाण्याची आवड पार बदलली. कशी बदलली ते सांगायचंय. पैशाचा विषय येईलच मधे, कारण तो त्या गाण्यांतच आहे.

आधी रॉक म्हणजे काय ते बघू. अमेरिकेत १९५०च्या दशकात हे संगीत उभं राहिलं. तिथल्या काळ्या लोकांचं ब्लूज आणि गावाकडचं कंट्री संगीत, या दोन्हींतून ते आलं. इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम आणि मोकळा आवाज. आपल्याला वाटतं रॉक म्हणजे वाढलेले केस आणि कानठळ्या. तसं पण असतं. पण एक गिटार मांडीवर घेऊन हळू आवाजात गोष्ट सांगणारी गाणीसुद्धा याच घराण्यातली, त्यांना फोक रॉक म्हणतात.

आणि अल्बम? जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. म्हणून अशा अनेक तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकत, तिथून हे नाव आलं. १९४८ साली लाँग प्ले तबकडी निघाली, मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फेरे घेणारी, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. मग गाणाऱ्यांना सुचलं की गाणी नुसती एकामागे एक न लावता ती कुठल्या क्रमाने लावायची याचाही विचार करावा. कॅसेट उलटून ‘बी साइड’ लावलेल्या आमच्या वयाच्या बायकांना हे लगेच कळेल. सिनेमाची गाणी आपण सुटी ऐकतो, कारण त्यांची गोष्ट सिनेमात असते. अल्बमची गोष्ट अल्बममध्येच असते.

आमच्यापैकी एकीचा भाऊ पुण्याला असतो. त्याने दिलेल्या पेन ड्राइव्हमध्ये बरंच काही होतं. त्यातले तीन अल्बम आमच्याकडे टिकले, तिन्ही बायकांचे.

पहिला जॅनिस जॉप्लिनचा ‘पर्ल’. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर गावची ही मुलगी. आवाज खरखरीत, फाटलेला, जत्रेत ओरडून ओरडून बसलेल्या घशासारखा. ४ ऑक्टोबर १९७० रोजी ती गेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि अल्बम अर्धवट होता. तो जानेवारी १९७१मध्ये निघाला. त्यात एक गाणं शब्दांशिवाय आहे. वादकांनी वाजवून ठेवलं होतं, तिने गायचं राहिलं होतं, आणि ते तसंच ठेवलं. दुसरं एक गाणं बरोबर उलट, त्यात वाद्यच नाही. ती देवाकडे महागडी मोटार मागते, रंगीत टीव्ही मागते, आणि मागताना सगळ्या हव्यासाची टर उडवते. आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, “ही तर भारुड म्हणतेय की!” भारुडाशी तिचा काही संबंध नाही हे खरं, पण टर उडवण्याची जात आजींनी बरोबर ओळखली.

दुसरा कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’, फेब्रुवारी १९७१. ही न्यूयॉर्कची. नवरा शब्द लिहायचा, ही चाल लावायची, गायचं दुसऱ्यांनी. अठरा वर्षांची असताना तिची चाल शिरेल्स नावाच्या मुलींच्या गटाने गायली आणि ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अरीथा फ्रँकलिनने १९६७ साली गायलेलं एक प्रसिद्ध गाणंही हिच्या चालीचं. पुढे नवऱ्यापासून वेगळी झाली, दोन मुली घेऊन कॅलिफोर्नियात राहायला गेली, आणि तिथे स्वतः गायला लागली. ‘टॅपेस्ट्री’मध्ये तिने दुसऱ्यांना दिलेली ती दोन गाणीही आपल्या आवाजात गायली आहेत. अल्बम पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि त्याने चार ग्रॅमी पुरस्कार मिळवले. मुखपृष्ठावर ती खिडकीत अनवाणी बसलेली आहे, मांडीवर भरतकाम आणि पुढ्यात मांजर.

तिचा आवाज साधा आहे. शेजारची बाई काम करता करता गुणगुणते ना, तसा. आपल्याकडे गाणारणीचं पहिलं कौतुक काय, तर गोड गळा. हळदीला, डोहाळजेवणाला ज्यांचा गळा गोड नाही त्या मागे सरकतात. या दोन अल्बमनी आमचं हे माप मोडलं. एकीचा आवाज खरखरीत आणि एकीचा अगदी घरगुती, तरी ऐकावंसं वाटतं, कारण गाणारी आपलं म्हणणं आपल्याच तोंडाने सांगते. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या पाकिटासाठी पापड लाटलेत, त्यांना कॅरोल किंग वेगळी समजवावी लागली नाही.

आता तिसरा. याच्यावर जास्त बोलायचंय.

ट्रेसी चॅपमन, १९८८. अल्बमचं नावही तेच. ही काळी मुलगी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात वाढली. आईवडील ती लहान असतानाच वेगळे झाले, आईने एकटीने वाढवलं. शिष्यवृत्तीवर शिकली, विद्यापीठात मानववंशशास्त्र घेतलं, आणि शिकताना रस्त्यावर गिटार घेऊन गायची. अल्बम निघून दोनेक महिने झाले होते. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेंब्ले मैदानात नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम झाला. मंडेला तेव्हा तुरुंगात होते. ट्रेसी आपली गाणी गाऊन मोकळी झाली होती. पुढे स्टीव्ही वंडर या नामांकित गायकाच्या वाद्याचा एक भाग ऐन वेळी सापडेना आणि त्याला मंचावर येता येईना. मधली वेळ भरायला ट्रेसीला पुन्हा पाठवलं. एकटी, एक गिटार, पुढे भरलेलं मैदान आणि टीव्हीवर अनेक देश. तिने ‘फास्ट कार’ गायलं. त्यानंतर तो अल्बम इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचला.

त्याच्या पहिल्या बाजूला पाच गाणी आहेत. आम्ही ती क्रमानेच ऐकतो. इंग्रजी आमच्यातल्या दोघी-तिघींनाच येतं. त्या शब्द वाचून आधी गोष्ट सांगतात, मग गाणं लावतात.

पहिलं गाणं रांगेत उभ्या असलेल्या गरिबांचं, जे एक दिवस उठतील. दुसरं ‘फास्ट कार’. यातली मुलगी सांगते की बाप दारुडा, आई निघून गेलेली, म्हणून हिने शाळा सोडली. दुकानात काम करून थोडे पैसे साठवले. मित्राकडे वेगवान गाडी आहे, तिच्यात बसून दोघं शहरात जातात. हिला दुकानात गल्ल्यावर काम मिळतं. आता वाटतं, बरं होणार. पण हळूहळू तो बाहेरच बसायला लागतो, दारू, मित्र, पोरांकडे लक्ष नाही. शेवटी ती त्याला म्हणते की जायचं असेल तर जा, काय ते ठरव. मधे मधे त्या पहिल्या दिवसाच्या गाडीच्या वेगाची आठवण येत राहते, आणि तेवढ्यापुरते ड्रम जोरात वाजतात. हे गाणं पहिल्यांदा लावलं त्या दिवशी गटात हिशेबच सुरू झाला. साठवलेले पैसे कोणाचे? तिचे. पगार कोणाचा? तिचा. गाडी कोणाची? त्याची. एकजण म्हणाली, “गाडी हिच्या नावावर हवी होती.”

तिसरं गाणं रेल्वेच्या रुळांनी काळे आणि गोरे असे दोन भाग पाडलेल्या गावातल्या दंगलीचं. आणि मग चौथं.

चौथ्या गाण्याचं नाव ‘बिहाइंड द वॉल’, भिंतीपलीकडे. दोन मिनिटंसुद्धा नाही. एकही वाद्य नाही. शेजारीण सांगते की रात्री भिंतीपलीकडून किंचाळणं ऐकू येतं, झोप लागत नाही. पोलिसांना बोलवून उपयोग नसतो. ते उशिरा येतात, आले तर. आणि घरगुती मामला म्हणून हात झटकतात. शेवटी एका रात्री आवाजानंतर शांतता होते, रुग्णवाहिका येते, आणि पोलीस जमलेल्या लोकांना घरी जाऊन झोपा म्हणतात. बस्स. ती बाई जगली की नाही, गाणं सांगत नाही.

वाद्य का नसावं, यावर आमच्याकडे वाद झाला. एकीचं म्हणणं, गिटार असती तर आपण ताल धरला असता. ते पटलं. जात्यावरच्या ओवीलासुद्धा वाद्य नसतं, पण तिथे जात्याची घरघर तरी सोबत असते. इथे तीही नाही, म्हणून मधली प्रत्येक थांबण्याची जागा ऐकू येते.

आणि लगेच पाचवं गाणं, अशा माणसाविषयी ज्याच्या तोंडून माफीचा शब्दच निघत नाही. हे गाणं पुढे बॉयझोन या मुलांच्या गटानेही गायलं आणि सुटं ऐकलं तर ते साधं प्रेमाचं, रुसव्याचं गाणं वाटतं. पण भिंतीपलीकडचं ऐकून झाल्यावर लगेच ते लागलं की अंगावर येतं. गायिकेच्या मनात काय होतं याचा दावा आम्ही करत नाही. आमच्या कानांना ते असं ऐकू आलं. अल्बम क्रमाने का ऐकायचा हे विचारलंत, तर हा आमचा जबाब.

त्या संध्याकाळी गाणं संपल्यावर कोणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, “शेजारणीने काय करायला पाहिजे होतं?” हा प्रश्न गाण्याचा राहिला नव्हता. आपल्याकडचं उत्तर सगळ्यांनी ऐकून ठेवा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, असा छळ झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटायला कारण असेल, तर शेजारीण, नातेवाईक, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. तातडीची वेळ असेल तर ११२. महिलांसाठी १८१. हे दोन आकडे आम्ही बैठकीच्या खोलीत खडूने लिहिलेत, कर्जवसुलीच्या तारखांच्या वर. पहिल्या महिन्यात दोघींनी ते आपल्या फोनमध्ये माहेरच्या नावाने साठवून घेतले. कोणी ते विचारायचं नसतं.

ट्रेसी चॅपमन भारतातही येऊन गेलीय. ३० सप्टेंबर १९८८ला दिल्लीत मानवी हक्कांच्या मोहिमेचा कार्यक्रम झाला, त्यात ती गायली होती. आम्ही तेव्हा एकतर पाळण्यात होतो किंवा जन्मलोच नव्हतो. आणि तिचं हे गाणं पस्तीस वर्षांनी परत उठलं. ल्यूक कोम्ब्स नावाच्या गोऱ्या गायकाने लहानपणी वडिलांच्या गाडीत ते ऐकलं होतं. २०२३मध्ये त्याने ते स्वतः गायलं आणि कंट्री संगीताच्या रेडिओ यादीत ते पहिलं आलं. तिथला वर्षातल्या उत्तम गाण्याचा मोठा पुरस्कारही त्याला मिळाला. हा पुरस्कार गीतकाराचा असतो, म्हणजे तो ट्रेसीचा. तो मिळवणारी ती पहिली काळी गीतकार. गाणं कोणीही गाऊ दे, लिहिणारीचं नाव कागदावर असेल तर तिचा वाटा तिला पोचतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. गाडी हिच्या नावावर हवी होती म्हणणारीला आम्ही हे मुद्दाम सांगितलं.

तुम्हाला ऐकायचं असेल तर एवढंच करा. फोन स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवा, आवाज वाढतो. सुटी गाणी शोधू नका, अख्खा अल्बम लावा. पहिली पाच गाणी सलग ऐका, साधारण सोळा मिनिटं लागतील, तेवढ्यात दाण्याचं कूट होतं. चौथं गाणं लागेल तेव्हा मिक्सर बंद ठेवा, आणि घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर ऐका. उरलेल्या बाजूची सहा गाणी आम्ही पुढच्या बैठकीत लावणार आहोत. त्यातलं पहिलं वस्तूंच्या डोंगराचं स्वप्न बघणाऱ्या बाईचं आहे. फ्रीजच्या हप्त्यांवर त्या दिवशी भांडण होणार, हे आत्ताच दिसतंय.